खुनांचा नकाशा आणि त्यातल्या कोऱ्या जागा

२०२० साली देशाला कुलूप लागलं होतं. रेल्वे थांबल्या, बाजार बंद पडले, रस्ते ओस पडले. चोऱ्या, घरफोड्या, दरोडे त्या वर्षी चांगलेच घटले. त्यात नवल नाही. सगळं घर दिवसभर घरातच बसलेलं असताना घरफोडी करायची कशी? खुनांचं मात्र तसं झालं नाही. एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, दरवर्षी देशभरातले गुन्हे मोजतो. त्याच्या अहवालांनुसार २०१८ मध्ये देशात खुनाचे २९,०१७ गुन्हे दाखल झाले, २०१९ मध्ये २८,९१८, टाळेबंदीच्या २०२० मध्ये २९,१९३, २०२१ मध्ये २९,२७२ आणि २०२२ मध्ये २८,५२२. एवढी महामारी आली आणि गेली, पण हा आकडा जेमतेम हजार-पाचशेंनी हलला.

जरा थांबून विचार केला तर हे भलतंच आहे. खुनाइतकी खासगी, खुनाइतकी त्या-त्या क्षणाची दुसरी गोष्ट सापडणं कठीण. कुठे भावाभावांची बांधावरून जुंपते, कुठे गुत्त्यावर कोणी कोणाला आईवरून शिवी देतो, कुठे नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरतो. ठिकठिकाणच्या या खुन्यांनी एकमेकांना पाहिलेलं नसतं. उद्या आपल्या हातून असं काही होईल, हे त्यांतल्या बहुतेकांना आदल्या दिवशी ठाऊकही नसतं. तरीही वर्षअखेर सगळ्यांची बेरीज केली की दिवसाला ७८ च्या आसपासचा तोच हिशेब पुन्हा जुळतो.

या चमत्काराने थक्क झालेली पहिली माणसं दोनशे वर्षांपूर्वीची. फ्रान्सच्या न्यायखात्याने १८२५ पासूनचे फौजदारी खटल्यांचे आकडे दरवर्षी छापायला सुरुवात केली आणि बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या खगोलशास्त्रज्ञाच्या हाती ते लागले. ग्रहताऱ्यांच्या गतीत नियम शोधायची त्याला सवय. आकडे चाळता चाळता त्याच्या लक्षात आलं की खुनांची संख्या तर दरवर्षी जवळपास तीच राहतेच, पण बंदूक, सुरा, काठी, गळा दाबणं अशा साधनांचं प्रमाणही फारसं बदलत नाही. सरकारच्या अंदाजपत्रकापेक्षा फाशीच्या तख्ताचं अंदाजपत्रक जास्त नेमाने पाळलं जातं, अशा अर्थाचं काहीसं भेदरलेलं विधान त्याने केलं. त्याच सुमारास आंद्रे-मिशेल गेरी नावाच्या फ्रेंच वकिलाने हेच आकडे नकाशावर उतरवले. जिथे गुन्हे जास्त तो प्रांत गडद, जिथे कमी तो फिका. १८३३ च्या त्याच्या ग्रंथात फ्रान्सचे ८६ प्रांत असे रंगले, तेव्हा माणसांवरचे हल्ले आणि खून दक्षिणेत दाटलेले दिसले, कॉर्सिका बेट सगळ्यांत काळं; आणि चोऱ्यामाऱ्या मात्र उत्तरेकडच्या सुखवस्तू प्रांतांत जास्त. माणसं शिकली की गुन्हे आपोआप कमी होतील, असं तेव्हाचे सुधारक छातीठोकपणे सांगत. गेरीने साक्षरतेचा नकाशा शेजारी ठेवला. दोन्ही नकाशे जुळेनात.

तोच खेळ आपण आपल्या देशाच्या बाबतीत खेळून पाहू. खून हाच गुन्हा कशासाठी निवडायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं कारण अगदी कोरडं आहे: मृतदेह लपवणं अवघड असतं. चोरी झाली तरी माणूस पोलिसांत जाईलच असं नाही; विनयभंगाच्या तक्रारीला तर दहा जण आडवे येतात. त्यामुळे जिथे तक्रार करणं सोपं, तिथे गुन्हे जास्त ‘दिसतात’. केरळचंच बघा. एकूण गुन्ह्यांच्या दरात ते राज्य वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतं, कारण तिथला माणूस ठाण्यात जाऊन तक्रार लिहून घ्यायला लावतो. पण केरळचा खुनाचा दर लाखामागे एकाच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीच्या निम्मा. शिवाय एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर एनसीआरबी त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजतो. दरोडा घालताना कोणी मेलं तर ते प्रकरण खुनातच जातं. सबब खुनाचा आकडा हा पोलिसी आकड्यांतला त्यातल्या त्यात भरवशाचा. त्यातही एक भलंमोठं भोक आहे, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

दर डिसेंबरात किंवा अहवाल येईल तेव्हा वर्तमानपत्रांत मथळा ठरलेला असतो: सर्वाधिक खून उत्तर प्रदेशात. २०२२ मध्ये तिथे ३,४९१, त्याखालोखाल बिहारमध्ये २,९३० आणि तिसरा क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा, २,२९५. हे मथळे वाचले की मला चिडायला होतं. माणसं जास्त तिथे जन्म जास्त, मृत्यू जास्त, लग्नं जास्त आणि खूनही जास्त. त्यात बातमी कसली? लोकसंख्येने भागलं की चित्र पार उलटतं. त्या वर्षी देशाचा दर लाखामागे २.१ होता. उत्तर प्रदेशचा १.५, महाराष्ट्राचा १.८, दोन्ही सरासरीच्या खाली. सगळ्यांत वर झारखंड, ४.०. त्यामागे अरुणाचल प्रदेश ३.६, छत्तीसगड आणि हरियाणा ३.४. एकाच संविधानाखाली, एकाच दंडविधानाखाली राहणाऱ्या दोन राज्यांत माणूस मारला जाण्याची शक्यता चौपट वेगळी असू शकते. (जगाशी तुलना करायची तर भारत शांत देशांत मोडतो. २०२१ मध्ये जगाची सरासरी ५.८ होती, अमेरिकेचा दर सहाच्या वर.)

आता शहरांकडे वळू. ‘सत्या’ चित्रपटापासून आजच्या वेब मालिकांपर्यंत सगळ्यांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलं आहे की खून हा महानगरातल्या अंधाऱ्या गल्लीतला प्रकार. प्रत्यक्षात कोलकात्यासारख्या अफाट शहरात २०२२ मध्ये ३४ खुनांची नोंद झाली. मुंबईचा दर महाराष्ट्राच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. टोळीयुद्धांची ख्याती असलेलं हे शहर खुनाच्या बाबतीत राज्यातल्या कित्येक निवांत वाटणाऱ्या तालुक्यांपेक्षा सुरक्षित आहे. सगळीच शहरं अशी नाहीत. नागपूरचा दर मुंबईच्या कित्येक पट असतो, पाटण्याचाही वर असतो. शिवाय शहरांचे दर काढताना एनसीआरबी अजून २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरतो, त्यामुळे झपाट्याने वाढलेली शहरं आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. म्हणजे ‘शहर’ असणं हे काही खुनाचं कारण नव्हे. मग कारण काय? गरिबी?

इथे या विषयातला सर्वांत चकित करणारा अभ्यास समोर येतो. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी १९८१ सालचे देशभरातल्या जिल्ह्यांचे खुनाचे दर घेतले आणि प्रत्येक जिल्ह्याच्या इतर लक्षणांशी ताडून पाहिले: किती शहरीकरण, किती गरिबी, किती साक्षरता आणि अशी आणखी काही. २००० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शहरीकरणाचा खुनांशी लक्षणीय संबंध आढळला नाही. गरिबीचाही नाही. जिथे साक्षरता जास्त तिथे खून कमी, एवढं मात्र दिसलं. गेरीच्या फ्रान्समध्ये जे जुळलं नव्हतं ते भारतात जुळलं. पण सगळ्यांत पक्कं नातं निघालं ते भलत्याच आकड्याशी, जो खुनाच्या तपासात कोणीही विचारात घेणार नाही. दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया! ज्या जिल्ह्यांत स्त्रियांचं प्रमाण कमी, तिथे खून जास्त. ज्या जिल्ह्यांत स्त्रिया जास्त, तिथे कमी. गणित कसंही फिरवून पाहिलं तरी हे नातं तुटेना.

गंमत अशी की फिलिप ओल्डनबर्ग या अमेरिकी अभ्यासकाला हेच नातं आधी उत्तर प्रदेशात दिसलं होतं आणि मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याने ते १९९२ साली मांडलं होतं. पश्चिम उत्तर प्रदेशातले जे जिल्हे मारामाऱ्या-खुनांसाठी प्रसिद्ध, तिथेच मुली कमी.

असं का व्हावं? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे मुली कमी, म्हणून लग्नाविना राहिलेले तरुण जास्त, आणि रिकामटेकडे अविवाहित तरुण म्हणजे भांडणाला आयतं निमित्त. सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच लोकप्रिय आहे. दुसरा तर्क असा की चारचौघांत बायका असल्या की पुरुष जरा सांभाळून वागतात. तिसरा तर्क ओल्डनबर्गचा, आणि तो कार्यकारणाची साखळी उलटी फिरवतो. मुली कमी म्हणून हिंसा नव्हे, तर हिंसा आहे म्हणून मुली कमी. ज्या मुलखात जमीन राखायला लाठी लागते, पोलीस-कोर्टावर विसंबून चालत नाही, तिथे प्रत्येक घराला मुलगे हवेत. चार मुलगे असलेल्या घराच्या बांधाला कोणी हात लावत नाही. दोन मुली असलेल्या घराच्या लावतात. अशा ठिकाणी मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी एवढंच नव्हे, खरोखरची काठी. मग मुलींचं दूधपाणी, औषधपाणी, आणि पुढे जन्मच, आपोआप मागे पडतो.

द्रेझ आणि खेरा यांना चौथी शक्यता जास्त पटली: दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. पुरुषाची पत त्याच्या जरबेवर ठरते, बाई ही घराण्याची अब्रू म्हणजेच मालमत्ता मानली जाते आणि अपमानाचं उत्तर हाताने द्यावं लागतं, अशा समाजात मुली जन्माला येऊ दिल्या जात नाहीत आणि मोठे पुरुष एकमेकांचे मुडदे पाडतात. खून आणि हरवलेल्या मुली ही एकाच आजाराची दोन लक्षणं. २०११ च्या जनगणनेत हरियाणात हजार पुरुषांमागे ८७९ स्त्रिया होत्या, केरळात १,०८४. वरचे खुनाचे दर आठवून पाहा.

पण हा नियम म्हणजे पाढा नव्हे. महाराष्ट्रात स्त्रियांचं प्रमाण ९२९, देशाच्या ९४३ पेक्षा कमी, तरी आपला खुनाचा दर देशापेक्षा थोडा खालीच. आणि यादीत सर्वांत वर असलेलं झारखंड तर या नियमाला सरळ तोंडघशी पाडतं. तिथे स्त्रियांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी नाही. छत्तीसगडात तर ते ९९१. आदिवासी पट्ट्यात मुली नकोशा नाहीत, तरीही खून जास्त. म्हणजे तिथे काही वेगळंच चालू आहे.

त्या पट्ट्यातल्या खुनांकडे ऐंशी वर्षांपूर्वी एका माणसाने फार जवळून पाहिलं होतं. व्हेरियर एल्विन, जन्माने इंग्रज, पुढे भारताचा नागरिक झालेला. बस्तर संस्थानातल्या दंडामी माडियांच्या खुनाच्या शंभर प्रकरणांचा अभ्यास करून त्याने १९४३ साली ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ हे पुस्तक लिहिलं. (बस्तरच्या या बाजूला, इंद्रावती ओलांडली की, आपला गडचिरोली जिल्हा लागतो.) प्रत्येक प्रकरणात माणसं कोण, भांडण कशावरून, दारू किती प्यायली होती, चेटकाचा संशय होता का, हे त्याने खोदून काढलं. त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माडियांच्या शेजारीच मुरिया राहतात. जंगल सारखं, गरिबी सारखी, दारू सारखी, बोलीही एकाच कुळातल्या. पण खुनांचं प्रमाण मुरियांत खूप कमी. याचं थोडं श्रेय एल्विनने मुरियांच्या घोटुलला दिलं. त्या युवागृहात मुलंमुली एकत्र राहून शिस्त आणि हेवादावा गिळायला शिकतात, असं त्याचं म्हणणं. घोटुलविषयीचा त्याचा उमाळा जरा जास्तच होता, हे मान्य. पण मूळ निरीक्षणाने ‘आदिवासी दारू पितात म्हणून खून होतात’ या आळशी उत्तराचा निकाल लागतो. दारू दोघेही पितात.

आज या पट्ट्याचं नाव निघालं की डायन, म्हणजे चेटकीण, ठरवून मारलेल्या बायकांची आठवण येते. गावात मूल दगावलं, गुरं मेली की ओझा, म्हणजे गावचा मांत्रिक, कोणाचं तरी नाव घेतो, आणि ते नाव बहुतेक वेळा एकट्या, म्हाताऱ्या किंवा जमिनीची वारस असलेल्या विधवेचं असतं. झारखंडने यासाठी २००१ मध्ये खास कायदा केला. सरायकेला-खरसावां जिल्ह्यातल्या छुटनी महतो यांना १९९५ मध्ये गावाने डायन ठरवलं होतं. पुढे त्यांनी अशाच बायकांना आधार देण्याचं काम उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सातपुड्यात नंदुरबारकडे हाच प्रकार डाकीण म्हणून चालतो. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो महाराष्ट्रात झाला २०१३ मध्ये, पुण्यात २० ऑगस्टला त्यांचा खून झाल्यानंतर. मात्र आकड्यांशी प्रामाणिक राहायचं तर हेही सांगायला हवं की २०२२ मध्ये देशभरात जादूटोण्यापायी झालेल्या खुनांची नोंद ८५ आहे, आणि एकट्या झारखंडातले खून दीड हजारांच्या आसपास. डायन हा झारखंडचा सर्वांत भीषण खून असेल. सर्वांत नेहमीचा नव्हे.

मग नेहमीचा कोणता? त्याचं उत्तर देशभर एकच आहे आणि मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ते रोज छापून येतं: ‘किरकोळ कारणावरून खून’. २०२२ च्या अहवालात कारणांमध्ये पहिला क्रमांक वाद-भांडणांचा, ९,९६२ खून. दुसरा वैयक्तिक वैर, ३,७६१. पैशाच्या किंवा लाभाच्या हेतूने झालेले फक्त १,८८४. म्हणजे रहस्यकथांमधला तो थंड डोक्याचा, वारसाहक्कावर डोळा ठेवणारा खुनी पंधरातून एखादा. बाकी सगळं बांध, पाणी, उधारी, गाडीचा कट, ‘माझ्याकडे रागाने का बघतोस’. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्विन वुल्फगँगने फिलाडेल्फियातल्या १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांच्या पोलिसी फायली तपासल्या होत्या. तिथेही सर्वांत मोठा गट क्षुल्लक भांडणांचा निघाला. आणि जवळपास चौथ्या हिश्श्यात पहिला हात उचलला होता तो मरणाऱ्याने. कोण आरोपी आणि कोण मयत, हे कित्येकदा शेवटच्या मिनिटाला ठरतं.

कारण किरकोळ नसतंच, असं मला हे सगळं वाचून वाटतं. बांध वीतभर कोरला गेला, हे निमित्त. खरा प्रश्न असतो की चार लोकांसमोर मी गप्प बसलो तर उद्या माझी काय किंमत राहील. ज्या गावात तलाठी वेळेवर मोजणी करतो, कोर्टाचा निकाल बापाच्या हयातीत लागतो, तिथे गप्प बसणं परवडतं. जिथे दिवाणी दावा तीन पिढ्या चालतो, तिथे कुऱ्हाड हा झटपट निकाल वाटू लागतो. ओल्डनबर्गच्या लाठीवाल्या मुलग्यांचा धागा इथेच येऊन मिळतो.

आणखी एक साधी बाब नकाशा रंगवते, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष जात नाही: दवाखाना किती लांब आहे. पोलिसांच्या भाषेत सांगायचं तर कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि कलम ३०२, म्हणजे खून, यांत अनेकदा फरक असतो तो रक्तस्राव कधी थांबला याचा. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही कलमं १०९ आणि १०३ झाली, पण लोकांच्या तोंडी अजून तीनशे दोनच आहे.) ‘उपचारादरम्यान जखमीचा मृत्यू झाल्याने गुन्ह्यात खुनाचे कलम वाढवण्यात आले’ हे वाक्य आपण किती वेळा वाचतो! अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००२ साली दाखवून दिलं की १९६० नंतर तिथे हल्ले वाढले असूनही खून त्या मानाने वाढले नाहीत, याचं मोठं श्रेय रुग्णवाहिकांना आणि अपघात विभागांना जातं. त्याच पोटातल्या त्याच सुऱ्याच्या घावाला मुंबईत केईएम किंवा शीव रुग्णालय अर्ध्या तासावर असतं. दुर्गम डोंगरातल्या पाड्यावर आधी खाटेची डोली करावी लागते. वरचा झारखंड आणि कोलकात्यातला फरक किती मनांतला आणि किती रस्त्यांतला, हे वेगळं काढायला हवं.

आता ते भोक. २०२२ मध्ये खून झालेल्यांत सुमारे ७० टक्के पुरुष होते आणि ८,१२५ स्त्रिया, म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीस. जगभरात हे प्रमाण एकोणीसच्या आसपास आहे. जिथे पुरुष पुरुषांना कमी मारतात तिथे स्त्रियांचा टक्का आपोआप वाढलेला दिसतो, हे खरं. तरी आपला आकडा लक्षात घेण्याजोगा आहे. पण ही मोजणी इथे संपत नाही. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं तर तो ‘हुंडाबळी’. १९८६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कलम आलं आणि तेव्हापासून या बायका वेगळ्या तक्त्यात मोजल्या जातात. २०२२ मध्ये त्या होत्या ६,४५०. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास उत्तर प्रदेश आणि बिहार या दोन राज्यांत. वर उत्तर प्रदेशचा दर १.५ म्हणून मी त्याची वकिली केली. त्या दरात या बायका धरलेल्या नाहीत.

त्याच्याही पलीकडे एक पान आहे आणि ते जवळजवळ कोरं आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ची नोंदवही असते. विहिरीत पडून, साप चावून, विष पोटात गेल्याने, भाजून. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी इतकी नेहमीची होती की वाचताना डोळा तिथे थांबतही नसे. रॉकेलचा स्टोव्ह सासूच्या, सासऱ्याच्या, नवऱ्याच्या हातात कधी भडकत नसे, फक्त सुनेच्याच पदराला जाऊन लागे. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या जळून झालेल्या मृत्यूंचा एक अंदाज प्रसिद्ध झाला. २००१ या एका वर्षात असे मृत्यू १,६३,००० हून अधिक. त्यांत १,०६,००० स्त्रिया, बहुतेक १५ ते ३४ या वयाच्या. पोलिसांच्या नोंदीपेक्षा हा आकडा सहापट मोठा होता. यांत खरे अपघात आहेत, आत्महत्या आहेत, आणि खून आहेत. कोणते किती, याचा निवाडा त्या-त्या वेळच्या पंचनाम्याने केला. पण घराच्या चुलीपाशी तरुण बायकाच इतक्या संख्येने जळाव्यात, हा योगायोग नाही. त्या वर्षी देशात नोंदवलेले खून चाळीस हजारांहूनही कमी होते. या एक लाखातला लहानसा वाटा जरी खुनांचा निघाला, तरी वर रंगवलेला नकाशा पुन्हा रंगवावा लागेल.

आत्महत्यांचं नाव निघालंच आहे तर एक विलक्षण जोडी सांगून टाकतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या गेल्या, खुनांच्या सहापट. खुनात सौम्य असलेल्या केरळचा आत्महत्यांचा दर लाखामागे २८.५. बिहारचा ०.६. बिहारचा आकडा नोंदीच्या ढिलाईमुळे कमी दिसतो हे उघड आहे, पण सगळाच फरक ढिलाईने भरून निघेल असं वाटत नाही. एल्विनने आपल्या पुस्तकाच्या नावात खून आणि आत्महत्या शेजारी का ठेवले, ते असं आकडे बघताना कळतं. राग कुठे बाहेर फुटतो, कुठे आत.

राहता राहिला काळ. ‘पूर्वी असं नव्हतं’ हे प्रत्येक पिढीचं पालुपद आहे. भारतात नोंदवलेल्या खुनांचा उच्चांक झाला १९९२ मध्ये: ४०,१०५, लाखामागे ४.६. त्यानंतर लोकसंख्या पन्नास कोटींहून अधिक वाढली आणि खून घटत गेले. २०२३ मध्ये २७,७२१. दर निम्म्याहून खाली आला. हे कुठल्या सरकारने केलं असा दावा करू नये, कारण घसरण सगळ्या पक्षांच्या राजवटींत चालू राहिली. शिक्षण वाढलं, दवाखाने जवळ आले, एका घरात चार मुलगे राहिले नाहीत, शेतीवरची भिस्त कमी झाली. यांतल्या कशाचा वाटा किती, यावर अभ्यासकांनी अजून पुरेसं काम केलेलं नाही, आणि मला वाटतं ही आपल्या समाजशास्त्राची मोठी उधारी आहे. एवढी मोठी चांगली बातमी तीस वर्षं घडत होती आणि ती बातमी म्हणून कोणी छापली नाही.

तुम्हाला हा खेळ स्वतः खेळून पाहायचा असेल तर अवघड नाही. एनसीआरबीच्या संकेतस्थळावर जिल्हावार तक्ते आहेत, जनगणनेचे आकडे खुले आहेत. आपला जिल्हा घ्या. एका वर्षावर जाऊ नका, पाच वर्षांची सरासरी काढा. लहान जिल्ह्यात दोन-चार घटनांनीही दर वरखाली होतो. लोकसंख्येने भागा. शेजारी ठेवा हजार मुलांमागे मुलींचं प्रमाण, आणि हुंडाबळींचा तक्ता वेगळा राहू न देता त्यात मिळवा. मगच ठरवा की आपला जिल्हा शांत आहे की नाही.